पिंपळाखालचा श्वास

ठाण्यात उपवन तलावाकाठी सकाळी दीर्घ श्वसनाला बसणाऱ्या आम्हा मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, त्याच्याखाली खोल श्वास घेतला की रक्तात जास्त प्राणवायू भरतो. यातलं काहीच खरं नाही.

झाड ऑक्सिजन सोडतं ते प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण त्यांचाही ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. अंधारात पिंपळ आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. (रात्री झाडाखाली झोपलं की गुदमरतो, ही भीतीही खोटीच, ते प्रमाण अगदी किरकोळ.) हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, पिंपळाखालीही तेवढाच.

शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी साध्या श्वासातही ९५ टक्के किंवा त्याहून जास्त असते. मग बरं का वाटतं? श्वास सावकाश सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, हृदयाची गती उतरते. गुण संथपणाचा आहे.

मग पिंपळाचे आभार मानू नयेत? जरूर मानावेत! सावलीसाठी, त्याची फळं खाणाऱ्या तांबट पक्ष्यांसाठी. पण पृथ्वीवर तयार होणारा जवळजवळ निम्मा ऑक्सिजन समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांकडून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांकडून येतो. त्यांना कोणी हात जोडत नाही. मी हल्ली शेवटचे पाच श्वास त्यांच्या नावाने सोडते.