अंगणवाडीतलं अंगण कुठे गेलं

बांबूचे खांब, मातीच्या भिंती, टायरचा झोका, करवंट्यांची खेळणी अशी बालवाडी कुठे उभी राहिली की लगेच तिला 'नवीन प्रयोग' म्हणतात. म्हणू देत. पण आपल्याकडे हे सगळं आधी होतं, मग ते गेलं आणि आता आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधून परत येतंय, म्हणून थोडं मागचं.

जर्मनीत 1840 ला किंडरगार्टन हे नाव, रोममधलं 1907 चं बालगृह, भावनगरचं 1920 चं बालमंदिर, हे बहुतेकांनी डीएडला पाठ केलेलं असतं, ते सोडून देतो. आपल्या कामाचं एवढंच, की रोमच्या त्या बालगृहातून निघालेल्या माँटेसरी पद्धतीचं लाकडी साहित्य महाग होतं आणि शहरातल्या शाळांनाच झेपत होतं. खेड्यात ते कोण घेणार?

खरी गंमत पालघरकडच्या बोर्डी गावात झाली, 1945 मध्ये, ताराबाई मोडकांच्या बालवाडीत. समुद्र, चिकूच्या वाड्या आणि मागे डोंगराकडे वारली पाडे. बालवाडीची एक खोली होती पण गावाच्या एका टोकाच्या वस्तीतली मुलं काही तिथे येईनात. येईनात म्हणजे, कोणाला यायचं धाडस नव्हतं आणि कोणाला ती यायला नको होती, दोन्ही. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात, सारवलेल्या जमिनीवर. आधी मुलांना अंघोळ, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ. खोलीतली ती केंद्र बालवाडी आणि अंगणातली ती अंगण बालवाडी, अशी साधी नावं पडली.

साहित्याचं काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. मूळ माँटेसरी पद्धतीत गुलाबी मनोरा असतो, 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, लहान-मोठं कळावं म्हणून. आता शिंपले घ्या, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडा, बोटांना आणि डोळ्यांना तोच धडा मिळतो आणि शिंपला हरवला तर समुद्रावर अजून पडलेत. खरखरीत कागदाची अक्षरं नसतील तर रेतीत बोट फिरवायचं. चिंचोके, गोटे, पानं, काड्या, माती. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे भिंत नाहीच, शाळाच कुरणात.

मग 2 ऑक्टोबर 1975. केंद्राची बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. योजना मुख्यतः पोषण, लसीकरण, वजन यांची होती, ती गरजेचीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोली बांधायची तर धान्य कुठे, वजनकाटा कुठे, रजिस्टरं कुठे याचा विचार आधी झाला आणि खेळायचं कुठे याचा नंतर. नाव अंगणाचं, हिशोब खोलीचा.

आणि इथे तो शब्द येतो ज्यावर माझं दर वेळी भांडण होतं: 'पक्की' इमारत. जनगणनेच्या व्याख्येत भाजलेली वीट, दगड, सिमेंट, कौल हे पक्कं. माती, कच्ची वीट, बांबू, गवत हे कच्चं. म्हणजे मातीची भिंत आणि वर कौलं असतील तर ते घर अर्धं पक्कं. व्याख्या मोजणीपुरती ठीक आहे हो, पण ती तिथून निघून अनुदानात आणि एस्टिमेटात घुसली. कारवीच्या काड्यांची भिंत, म्हणजे कुड, शेणमातीने लिंपलेला, आत एप्रिलमध्ये पण गार, भिंतीवर गेरू आणि तांदळाच्या पिठाने चित्रं काढता येतात, तो कच्चा. आणि स्लॅबची भट्टी, जिच्यात दुपारी बारानंतर पोरं बसत नाहीत, ती पक्की. इंजिनिअरचाही पूर्ण दोष नाही, सरकारी दरसूचीत जे सहज सापडतं तेच तो एस्टिमेटात घालणार.

दुसरी बाजूही आहे, ती टाळणं बरोबर नाही. सारवायचं कोणी? सेविकेने आणि मदतनिसीने, तेही मानधनावर. वाळवी लागते, पावसाळ्यात खालची माती फुगते, गवताचं छप्पर सारखं शाकारावं लागतं. आणि लोकांचं म्हणणं वेगळंच असतं, 'जन्म कुडात काढला, आता पोरांना पण कुडातच बसवता का, तुमची पोरं बसतात का?' याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी वाटतं की भांडण माती-सिमेंटचं कधीच नव्हतं, ओटा, सावली आणि अंगण एस्टिमेटमधून कापलं गेलं हे खरं दुखणं.

नंतर 'इमारत हेच साहित्य' ही कल्पना आली. मूळ कल्पना सुंदर: दार उघडतं त्या कमानीवर जमिनीत कोन आखायचे, खिडकीच्या गजांना असे वळण द्यायचे की बोट फिरवता फिरवता अक्षराची सवय होईल. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याच्या झाल्या 'बोलक्या भिंती', म्हणजे ऑइल पेंट, सफरचंद आणि कार्टून, तेही बऱ्याच ठिकाणी मोठ्या माणसाच्या उंचीवर. भिंत बोलते पण पोराच्या डोक्यावरून!

अलीकडचा मोठा बदल बांबूचा. 2017 पर्यंत वनकायद्यात बांबू म्हणजे झाड, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा तोडून नेतानाही कटकट. त्या वर्षी जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. शिवाय बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवला तर भुंगा लागत नाही, त्यामुळे बांबू टिकत नाही ही तक्रार बरीच कमी झाली, फक्त खांब दगडी जोत्यावर हवा आणि पागोळ्या लांब.

आमच्या तालुक्यात मी पाहिलेली एक अंगणवाडी अगदी पक्की आहे. खिडकी इतकी वर की मुलांना फक्त आभाळ दिसतं, आणलेली घसरगुंडी पत्र्याची, उन्हात तापते. ठेकेदार जाताना मागे रेतीचा ढीग टाकून गेला होता. सकाळी सगळी पोरं त्याच्यावर. पंचायतीने दोनदा उचलायला ट्रॅक्टर पाठवला, सेविकाबाईंनी दोन्ही वेळा परत लावला.