गाडी घेताना माहिती रोखण्याचा हक्क: अमेरिकेतील पार्श्वभूमी

अमेरिकेत शोरूममध्ये कर्जाच्या कागदांसोबत मिळणारी प्रायव्हसी नोटीस (ग्राहकाची माहिती कोणाला दिली जाते ते सांगणारा कागद) 1999 च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यातून आली. कायदा झाला तो बँका, विमा आणि शेअर व्यवसाय एकत्र येऊ देण्यासाठी. पण गाडीसाठी कर्ज मिळवून देणारा डीलरही त्याच्या व्याख्येत वित्तसंस्था ठरला आणि 2001 पासून त्याला नोटीस देणे भाग पडले. रोखीने गाडी घेणारा मात्र या संरक्षणाबाहेरच राहिला.

त्या वेळचा मुख्य वाद होता तो माहिती देण्याआधी ग्राहकाची संमती घ्यायची, की त्याने हरकत घेईपर्यंत ती देत राहायचे, याचा. कायद्याने दुसरा मार्ग धरला. म्हणजे गप्प राहणाऱ्याची संमती गृहीत. सह्यांच्या गठ्ठ्यात बसलेल्या माणसाकडून स्वतःहून हरकत घेण्याची अपेक्षा करणे मुळातच अन्यायाचे होते.

त्यात हरकत घेता येते ती फक्त ‘असंलग्न’, म्हणजे एकाच मालकी-नियंत्रणाखाली नसलेल्या, कंपनीला माहिती देण्यावर, आणि खरा गुंता इथेच आहे. दारावर कार कंपनीची पाटी असली तरी डीलर बहुधा स्वतंत्र मालकीचा असतो. कायद्याच्या नजरेत कार कंपनी त्याची संलग्न नसते. उलट, कार कंपनी आणि तिचीच फायनान्स कंपनी एकमेकींच्या संलग्न. कर्ज मंजुरीसाठी अर्ज फायनान्स कंपनीकडे पाठवण्यावर हरकत चालत नाही. तो अपवादच आहे. दुसऱ्या वित्तसंस्थेबरोबरच्या संयुक्त जाहिरातीलाही अटींसह सूट आहे. पुढे कर्जाचा करार फायनान्स कंपनीकडे गेला की तिची नोटीस वेगळी, म्हणून डीलरकडे नोंदवलेला नकार तिला लागू होत नाही. संलग्न कंपन्यांनी आपसात माहिती वापरून जाहिराती करणे नाकारण्याचा हक्क तर 2003 च्या, पतमाहितीच्या कायद्यातील दुरुस्तीने दिला. असा नकार किमान 5 वर्षे टिकतो. ग्राहकाला हे सगळे एकच दुकान वाटते, नकार मात्र प्रत्येक दारी निराळा द्यावा लागतो.

2009 मध्ये नोटिशीचा सोपा नमुना ठरला. 2010 मध्ये ग्राहक-वित्तासाठी नवी संघीय यंत्रणा उभी राहिली, तेव्हा बहुतेक कार डीलरना तिच्या कक्षेतून वगळून जुन्याच व्यापार नियामकाकडे ठेवले गेले.

राज्यांनी पुढचे पाऊल टाकले. कॅलिफोर्नियाचा 2018 चा ग्राहक-गोपनीयता कायदा 1 जानेवारी 2020 ला लागू झाला. त्याच्या कक्षेतल्या मोठ्या डीलरकडे रोखीने गाडी घेणाऱ्यालाही माहितीची विक्री थांबवता येते. कर्जासाठी संघीय कायद्याखाली घेतलेली माहिती मात्र त्यातून वगळली आहे. 2019 च्या दुरुस्तीने वॉरंटी आणि रिकॉलच्या (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या) कामासाठी नव्या गाड्यांचे डीलर व कार कंपनी यांच्यातील वाहनमाहितीची देवाणघेवाणही वगळली. ही सूट रास्त आहे, कारण रिकॉल जिवाशी निगडित असतो. 2023 पासून, मतदारांनी मंजूर केलेल्या बदलांनुसार, वेगवेगळ्या वेबसाइट व ॲपवरील वापरावरून नेमून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींसाठी माहिती देणेही थांबवता येते.

आता वाद थेट गाडीतून जमा होणाऱ्या माहितीचा आहे. 2024 मध्ये टेक्सासने एका कार कंपनीवर दावा लावला. शोरूममध्ये गाडी ताब्यात देतानाच ग्राहकांना फसव्या पद्धतीने गाडीतून माहिती गोळा करणाऱ्या सेवेत नोंदवले जात होते, असा आरोप त्यात आहे. मार्च 2025 मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामकाने दुसऱ्या एका कंपनीला 6,32,500 डॉलर दंड केला. नकार नोंदवण्यासाठी ती गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक माहिती मागत होती.