दुसऱ्या घरचा कॉम्प्युटर जोडला जात नाही? आधी हे पाहा

सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या आमच्या ग्राहकांसाठी

मुलगी पुण्यात, वडील विश्रामबागला. किंवा दुकान मार्केट यार्डात आणि हिशेब रात्री घरून बघायचे. आमच्याकडून रिमोट डेस्कटॉप (एका जागी बसून दुसरीकडचा कॉम्प्युटर वापरायची विंडोजची सोय) लावून घेणाऱ्यांची कारणं बहुतेक हीच असतात. लावतो त्या दिवशी सगळं सुरळीत असतं. चार-सहा दिवसांनी फोन येतो, "कालपर्यंत चालत होतं, आज जोडलंच जात नाही." आम्ही येऊन बघतो तर बरेचदा पाच मिनिटांचं काम निघतं, पण आमची वाट बघण्यात तुमचा अख्खा दिवस गेलेला असतो. त्यासाठी हे पत्रक. कॉम्प्युटरच्या टेबलावरच ठेवा.

स्क्रीनवर काय लिहून आलं, ते पूर्ण वाचा

घाईत खिडकी बंद करू नका. "कनेक्ट करता येत नाही" असं आलं आणि खाली तीन कारणं दिसली, तर तुमची हाक समोरच्या मशीनपर्यंत पोचलेलीच नाही. तो कॉम्प्युटर बंद असेल, झोपलेला असेल, नेटवर्कवर नसेल किंवा त्याचं रिमोट डेस्कटॉप बंद असेल. पण "क्रेडेन्शियल्स चुकीचे" किंवा "लॉगऑन फेल" असं आलं, तर ती चांगली बातमी समजा. वाट मोकळी आहे, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकतोय. हा फरक कळला की निम्मी शोधाशोध वाचते.

पासवर्डात सगळ्यात जास्त घोळ पिनचा होतो. रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तोच आपला पासवर्ड वाटतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, दुसरीकडून जोडताना चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड लागतो. तरीही घेत नसेल, तर त्या मशीनवर साइन-इनच्या सेटिंगमध्ये "फक्त विंडोज हॅलो" (म्हणजे फक्त पिन, बोट किंवा चेहऱ्याने उघडणं) असा पर्याय चालू आहे का बघा. असेल तर तो बंद करून तिथेच एकदा पासवर्डने आत शिरा, मग दुसरीकडून जोडा. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यात विंडोज बाहेरून शिरू देत नाही.

होम की प्रो?

नवीन लॅपटॉपवर बहुतेक वेळा विंडोज होम येतं. होमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं, पण होम असलेल्या कॉम्प्युटरमध्ये रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. त्यात बिघाड काही नाही, ती आवृत्तीच तशी आहे. ज्या मशीनमध्ये शिरायचंय, तिथे सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट उघडून आवृत्ती बघा. असं शिरू देणारी प्रो आवृत्ती विकत घेता येते, पण घरगुती वापरासाठी आम्ही तो खर्च करायला सांगत नाही. याच कामाचं क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क होमवरही चालतं.

आई-वडिलांना मदत करायची असेल, तर रिमोट डेस्कटॉप मुळात नकोच. तुम्ही शिरताच त्यांच्यासमोर लॉक स्क्रीन येते. त्यांना वाटतं मशीन बिघडलं. ते पिन टाकतात आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. घरच्या विंडोजमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. त्यापेक्षा विंडोजचं क्विक असिस्ट वापरा. त्यात दोघांना एकच स्क्रीन दिसते आणि "आता इथे क्लिक करा" म्हणून दाखवताही येतं.

लाईट गेली, परत आली, कॉम्प्युटर मात्र बंदच

आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. लाईट आली तरी डेस्कटॉप आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) "लाईट परत आल्यावर सुरू हो" अशा अर्थाचं एक सेटिंग असतं, आम्ही ते लावून देतो. राउटरलाही छोटा यूपीएस असावा. कॉम्प्युटर चालू आणि राउटर बंद, तर उपयोग शून्य.

झोपेचंही तसंच. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्लग लावलेला असताना "स्लीप कधीच नको" असं ठेवा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं, तेही "काहीच नको" करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही.

एकाच घरात, तरी जोडत नाही

मिरजेतल्या एका घरात वरच्या मजल्यावरून खालचा कॉम्प्युटर जोडला जायचा, खालून वरचा मात्र कधीच नाही. दोन्हीकडे सगळं बरोबर होतं. शेवटी दोन्ही मशीनचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) शेजारी-शेजारी कागदावर लिहिले. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारा, वर १९२.१६८.० ने. नेटवाल्याच्या डब्याला वर दुसरा राउटर जोडला होता आणि त्याने आपलं वेगळंच घर थाटलं होतं. आतून बाहेर जाता येत होतं, बाहेरून आत नाही. वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देऊ लागला, आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे दोन डबे असतील तर आधी हेच तपासा. आयपी वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफायही अशीच आडकाठी करतं.

काल चाललं, आज नाही, असं होत असेल तर आयपी बदललेला असू शकतो. राउटरमध्ये तो त्या मशीनसाठी राखून ठेवता येतो. वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल, तर त्याची फायरवॉलही (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत) एकदा बघा.

बाहेरगावाहून जोडताना

इथे मात्र मनापासून विनंती आहे. राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून देणारे व्हिडिओ बघून ते करू नका. इंटरनेटवर हे दार उघडं दिसलं की पासवर्डचे अंदाज बांधणारे प्रोग्राम रात्रंदिवस ठोठावत राहतात. मे २०१९ मध्ये याच सेवेत इतकी गंभीर त्रुटी सापडली होती, की ज्या विंडोज एक्सपीला दुरुस्त्या देणं केव्हाच थांबवलं होतं, त्यासाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. विंडोज १० ला नेहमीच्या दुरुस्त्या मिळणंही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आहे. शिवाय राउटरला बाहेरून मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही, कारण तो नेटवाल्याच्या आतला पत्ता असतो आणि बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला असतो. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी आपली खासगी, बंद वाट) लावा आणि त्यातून रिमोट डेस्कटॉप वापरा. हळदीच्या पट्ट्या, जीएसटीची बिलं, घरातले फोटो, सगळं त्या एका मशीनवर असतं हो.

आणि "बँकेतून बोलतोय" म्हणत कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. आमच्यापैकी कुणीही तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीच मागणार नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर आम्हाला कळवा. स्क्रीनवरच्या संदेशाचा मोबाईलने फोटो काढून पाठवा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरजवळ घरातलं कुणीतरी बसलेलं असेल अशा वेळी फोन करा.