वास्तुछायाचित्रण
इमारतीचा आकार, तिच्यातील अवकाश, भिंतींचा पोत आणि त्यांच्यावर खेळणारा प्रकाश छायाचित्रातून उभा करण्याची कला. वास्तू जागची हलत नाही. त्यामुळे कॅमेरा कुठे लावायचा आणि उजेड कोणत्या घटकेचा घ्यायचा, यांवरच चित्राची सारी भिस्त असते. प्रारंभीच्या, उजेड सावकाश टिपणाऱ्या रसायनांना हे स्थिर विषय सोयीचे होते. फ्रेंच संशोधक न्येप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कॅमेराचित्र छपरांचेच आहे. १८५१ मध्ये फ्रेंच सरकारने पाच छायाचित्रकारांना देशातील जुन्या वास्तूंच्या नोंदीसाठी पाठवले.

या कलेची पहिली कसोटी म्हणजे उभ्या रेषा. उंच इमारत चौकटीत बसावी म्हणून कॅमेरा वर कलवला, की संवेदक (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा पृष्ठभाग) भिंतीला समांतर राहत नाही. रेषा वर जाताना जवळ येतात आणि इमारत मागे रेललेली दिसते. यावर उपाय शिफ्ट लेन्सचा. तिपाईवर कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. २४ × ३६ मिमी. संवेदक आडवा धरून २४ मिमी. लेन्स १२ मिमी. सरकवली, तर क्षितिज चौकटीच्या तळाशी येते आणि ३० मी. अंतरावरून कॅमेऱ्याच्या पातळीवरची ३० मी. उंची मावते, न सरकवता जेमतेम १५. लेन्स पूर्ण सरकवल्यावर कडा काळवंडतात आणि कॅमेऱ्याचे प्रकाशमापन चुकू शकते, म्हणून मापन आधीच करून घ्यावे. संगणकावर रेषा सरळ करता येतात. पण वरचा भाग ताणला जाऊन तपशील विरतो आणि कडा छाटाव्या लागतात. फार उंच मनोऱ्याच्या रेषा तंतोतंत ओळंब्यात आणल्या, तर तो माथ्याकडे रुंदावल्याचा भास होतो. तिथे किंचित कल राहू द्यावा.

दगडाचा पोत भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उन्हातच उठतो. समोरून पडलेले ऊन तो पुसून टाकते. बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने मात्र औद्योगिक बांधकामांसाठी मुद्दाम ढगाळ आकाश निवडले, कारण त्यांना सावल्या नकोत, आकारांची तुलना हवी होती. अंतर्भागात खिडकीबाहेरचा उजेड आणि आतले दिवे यांचा मेळ घालणे सर्वांत अवघड. अमेरिकन छायाचित्रकार ज्यूलियस शुलमन यांनी १९६० मध्ये लॉस अँजेलिसच्या ‘केस स्टडी हाउस क्र. २२’ या घराच्या चित्रासाठी, शहराचे दिवे उमटावेत म्हणून, सुमारे सात मिनिटे शटर उघडे ठेवले आणि मग घरातल्या व्यक्तींसाठी फ्लॅश उडवला. आज तिपाई न हलवता दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन ते पाच चित्रे घेऊन ती जोडतात. लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवतात (आकडा मोठा, तितके छिद्र लहान). एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, रेखीवपणा घटतो.