जनावरांच्या त्वचेतील ग्रंथी व केशपुटके

सस्तन प्राण्याच्या कातडीत केस जिथून उगवतो त्या खोलगट जागेला केशपुटक म्हणतात. त्याच्या तळाशी फुगीर कंद असतो. कंदातल्या पेशींची सतत वाढ होते, जुन्या पेशी कडक होत वर ढकलल्या जातात आणि त्यांचाच केस बनतो. पुटकाला लागून तैलग्रंथी असते. जरा खोल घामग्रंथी असते आणि गुराढोरांत तिची नळीही त्याच पुटकात उघडते. सोबत एक बारीक स्नायू असतो. पौषातल्या थंडीत वासराच्या अंगावर काटा उभा राहतो तो याच्यामुळे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे जनावर उन्हाळा कसा काढते, हे बरेचसे या सूक्ष्म मांडणीवर अवलंबून असते.

गाय-बैलांत साधारण प्रत्येक केसामागे एक घामग्रंथी असते. वशिंडाच्या देशी गुरांत ती मोठी, पिशवीच्या आकाराची आणि पृष्ठभागाच्या जवळ असते, तर युरोपीय वंशात बारीक आणि वेटोळी. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा पट्ट्यातली गवळाऊ गाय भर उन्हात चरते त्यामागे या ग्रंथी आहेतच. शिवाय आखूड, चपट बसलेले पांढरे केस ऊन परतवतात आणि मानेखालच्या लोंबत्या पोळीमुळे उष्णता बाहेर टाकायला जास्त कातडी मिळते. कोठ्यात शेजारी बांधलेली संकरित गाय त्याच दुपारी जीभ बाहेर काढून धापा टाकते. दुधाच्या आकड्यांवर भाळून गाय आणणाऱ्याने हा फरक आधीच धरून चालावे.

म्हशीचे गणित निराळे. तिच्यात घामग्रंथींची दाटी गाईच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकीच असते. केसही विरळ. पारडू जन्मते तेव्हा दाट लव घेऊन येते, पण पुटकांची संख्या जन्मताच ठरलेली असते. पुढे कातडी पसरत जाते तसे केस एकमेकांपासून लांब होतात. काळी कातडी उन्हातले अतिनील किरण अडवते, मात्र उष्णताही शोषून घेते. याची थोडी भरपाई तैलग्रंथी करतात. त्या मोठ्या असतात, उन्हात त्यांचा स्राव पातळ होऊन अंगभर पसरतो आणि कातडी चकाकते. पण तेवढ्याने भागत नाही. नागपुरी म्हैस असो की पूर्णा नदीच्या काठची भुरकट पूर्णाथडी, दुपारी तिला डोह हवाच. चिखल नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा वाळतो, त्यामुळे गारवा टिकतो आणि माशाही अंगावर बसत नाहीत. ज्या गावात उन्हाळ्यात तळे आटते तिथे दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी ओतणे आणि कोठा हवेशीर ठेवणे हाच उपाय. बंद कोठ्यात पाणी मारले तर दमट हवेत ते वाळत नाही आणि जनावर उलट जास्त घुसमटते. उन्हाळ्यात म्हशीचा माज नीट दिसत नाही, त्याचे एक मोठे कारण हाच उन्हाचा त्रास.

गुरांच्या नाकपुड्यांमधला केस नसलेला भाग सतत ओला असतो तो तिथल्या खास ग्रंथींमुळे. नाक कोरडे पडले की ताप आहे का म्हणून गुराखी जनावराच्या अंगाला हात लावून पाहतो. याच भागावरच्या रेघा प्रत्येक जनावरात वेगळ्या असतात, म्हणून ओळख पटवायला नाकाचा ठसा घेता येतो.

मेंढीत पुटके दोन प्रकारची: मुख्य पुटकाला घामग्रंथी आणि स्नायू असतो, भोवतीच्या दुय्यम पुटकांतून बारीक लोकर निघते. धनगराच्या हाताला लोकर कापताना जो चिकटा लागतो तो तैलग्रंथींचा मेणचट स्राव. तोच शुद्ध करून लॅनोलिन मिळते. बोकडाचा उग्र दर्प शिंगांच्या मागे असलेल्या ग्रंथींतून येतो आणि माजाच्या काळात वाढतो. नाक मुरडण्याआधी हे लक्षात घ्यावे की त्याच वासाने शेळ्या माजावर येतात. दूध काढायच्या जागेपासून मात्र बोकड लांब बांधावा, दुधाला वास लागतो. कुत्र्याला अंगाला गारवा देणारा घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना. कोंबडीला घामग्रंथीच नाहीत. शेपटीच्या बुडाशी एक तैलग्रंथी असते, तिचे तेल चोचीने ती पिसांना लावते.

कास ही मुळात कातडीचीच, घामग्रंथीच्या जातकुळीतून उत्क्रांत झालेली ग्रंथी आहे. तरी गाईच्या सडावर ना केस असतात, ना तैलग्रंथी, ना घामग्रंथी. म्हणून थंडीत सडाला चिरा पडतात, दूध काढताना गाय लाथ मारते आणि चिरांतून जंतू शिरून पुढे कासदाहापर्यंत प्रकरण जाते. धार काढून झाल्यावर ग्लिसरीन असलेल्या जंतुनाशकात सड बुडवणे याचसाठी सांगितले जाते.

बैलाच्या खांद्यावर जू घासून पुटके मरतात, कातडी जाड आणि बोडकी होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भात खांद शेकतात: पळसाच्या पानाने किंवा हाताने लोणी-हळद खांद्याला चोळतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे बैलाला सांगतात. तैलग्रंथी नष्ट झालेल्या त्या जागी बाहेरून स्निग्ध पदार्थ लागतो, कातडी मऊ पडते. वर्षातून एकदा करण्यापेक्षा हे औतकाठीच्या दिवसांत नेमाने केले तर खांदे सुजण्याचे प्रमाण घटू शकेल. बैलबाजारात केसांच्या ज्या भोवऱ्यांवरून आणि गोमेवरून (उलट्या वळलेल्या केसांच्या रेघेवरून) सौदा फिसकटतो, ते म्हणजे पुटके कोणत्या दिशेला कलली आहेत एवढेच. हा कल वासरू पोटात असतानाच ठरतो. मालकाच्या नशिबाशी त्याचा संबंध नाही.

तांबे कमी पडले की काळ्या म्हशीचे केस तांबूस होतात, कारण केसाला रंग देणाऱ्या क्रियेला तांबे लागते. गजकर्णाची बुरशी पुटकात शिरून केस तोडते. वासरांच्या डोळ्यांभोवती गोल राखाडी चट्टे दिसले तर हाताळल्यावर हात धुवावेत, तो आजार माणसालाही लागतो. पुटकात राहणारे सूक्ष्म किडे वाटाण्याएवढ्या गाठी करतात. त्या २०२२ मध्ये राज्यभर पसरलेल्या लम्पीच्या गाठींहून निराळ्या: लम्पी विषाणूचा आजार, त्यात ताप येतो आणि गाठी भरभर उठतात.

खरजेवर गाडीचे जळके ऑइल फासण्याची खोड अजून गेलेली नाही. जनावर ते चाटते, त्यातले विषारी घटक पोटात जातात आणि झाकलेल्या कातडीतून घाम नीट सुटत नाही. पोटफुगीवर किंवा लंगडण्यावर तापल्या लोखंडाने डाग देणे तर त्याहून वाईट. आजार जिथला तिथेच राहतो, वर जखमेत अळ्या पडतात. खोल भाजलेल्या पुटकातून पुन्हा केस येत नाही. पुटक वाचून फक्त रंगपेशी मेल्या असतील तर तिथे पांढरा केस उगवतो. बाजारात असा बैल उभा केला की गिऱ्हाईक डागावर बोट ठेवून आधी विचारते, याले काय झालं होतं.