किनाऱ्यावर लहान विमान पडतं तेव्हा

समजा, जुहूहून निघालेलं चार आसनांचं विमान डिसेंबरातल्या एका सकाळी रत्नागिरीला उतरायला खाली येत होतं आणि जयगडच्या आसपास समुद्रात कोसळलं. मासेमारीच्या होड्या तिथे पोहोचायच्या आत मोबाइलवर निकाल लागलेला असतो. कुणी म्हणतं इंजिन बंद पडलं, कुणी म्हणतं पायलट नवखा होता, कुणी पक्ष्यावर खापर फोडतं. अशा वेळी अंदाज बांधल्यावाचून कुणालाच राहवत नाही. पण त्या गर्दीत एका संशयिताचं नाव सहसा कुणी घेत नाही. तो म्हणजे कोकणची दमट हवा.

लहान विमानांची बरीच जुनी इंजिनं पेट्रोलवर चालतात आणि त्यांत कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिचा दाब घटतो, आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. कार्ब्युरेटरमध्ये मात्र हवेचं तापमान 20 अंशांहूनही अधिक उतरू शकतं. म्हणजे बाहेर 22 अंशांची आल्हाददायक सकाळ असली, तरी आतली हवा शून्याच्या जवळ पोहोचते. समुद्रावरच्या हवेत बाष्प भरपूर. ते त्या गळ्यात बर्फ होऊन चिकटतं, वाट अरुंद होते आणि इंजिनाचा दम कोंडतो. आकाश निरभ्र असतानाही हे घडतं. सर्वांत जास्त धोका उतरताना, कारण तेव्हा पायलटने पॉवर कमी केलेली असते आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते.

यावर उपाय साधा आहे. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी एक कळ असते. पण ती ओढल्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आधी जास्तच खडखडतं. घाबरलेला पायलट कळ परत ढकलतो आणि वाचण्याची संधी हातची जाते. मला या सगळ्यात हीच गोष्ट फार चटका लावते. आणि तपासाच्या दृष्टीने खरी पंचाईत पुढे आहे: अवशेष वर काढेपर्यंत तो बर्फ केव्हाच विरघळलेला असतो.

दमटपणाचा दुसरा उपद्रव टाकीत होतो. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या मोकळ्या जागेतलं बाष्प गार पत्र्यावर थेंब होऊन जमतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. त्यासाठीच उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून पारदर्शक नळीत बघायचं असतं.

आता इंजिन ठणठणीत होतं असं धरू. तरी समुद्र फसवतो. धुरकट हवेत पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होतात, क्षितिज पुसलं जातं. तोल सांभाळायला आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. विमान एकाच गतीने वळत राहिलं की काही सेकंदांत तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. मग खरोखर सरळ झालं की उलट्या दिशेला वळल्याचा भास होतो. 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची चाचणी घेतली गेली. बाहेरचं दिसेनासं केल्यावर सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. अनुभवी माणसंही यातून सुटत नाहीत. 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जंबो जेट वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं आणि 213 जण गेले. कॅप्टनच्या समोरचं, विमानाचा कल दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवू लागलं होतं आणि बाहेर काळोखा समुद्र होता.

मग तपास करणारे खरं कसं शोधतात? बऱ्याच लहान विमानांत ब्लॅक बॉक्स नसतोच. म्हणून धातूला बोलतं करावं लागतं. पंख्याची पाती पिळवटून पुढे वाकलेली असतील तर आदळताना इंजिन जोर देत होतं. एखादंच पातं नुसतं मागे दुमडलेलं असेल तर पंखा जवळपास थांबला होता. धोक्याच्या दिव्याची तार ताणून लांबलेली असेल तर तो दिवा त्या क्षणी पेटलेला होता, कारण तापलेली तार धक्क्याने ताणली जाते आणि थंड तार तुटते. खाऱ्या पाण्याने गंज झपाट्याने चढतो, म्हणून हे तुकडे बाहेर काढताच गोड्या पाण्याने धुवावे लागतात.

भारतात हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल 30 दिवसांत अपेक्षित असतो आणि तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं हा नसतो. जयगडच्या आपल्या त्या विमानात पाती मागे दुमडलेली निघाली, टाकीत स्वच्छ पेट्रोल सापडलं, इंजिनात काही मोडलेलं नव्हतं, तर तपासणारे त्या सकाळची हवामानाची नोंद मागवतील. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात) यांत दोन-तीन अंशांचंच अंतर असेल, म्हणजे हवा फार दमट असेल, आणि गरम हवेची कळ ढकललेलीच सापडली असेल, तर अहवालात कारण म्हणून कार्ब्युरेटरमधला बर्फ लिहिला जाईल, आणि त्याच्या आधी 'संभाव्य' हा शब्द असेल.