तंबू दूतावास (कॅनबेरा)

ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींनी राजधानी कॅनबेरात जुन्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर मांडलेला ठिय्या. सुरुवात २६ जानेवारी १९७२ ला झाली, तीही समुद्रकिनाऱ्यावर लावतात तसल्या एका छत्रीखाली. आपल्या प्रजासत्ताक दिनाची ही तारीख तिकडचा राष्ट्रीय दिन आहे. १७८८ मध्ये याच दिवशी ब्रिटिशांनी सिडनीत झेंडा रोवला. आदिवासी त्याला आक्रमण दिन म्हणतात.

आदल्याच दिवशी पंतप्रधान विल्यम मॅकमहॉन यांनी जमिनीवरचा पारंपरिक हक्क नाकारला होता. मिळाला तर ५० वर्षांचा भाडेपट्टा, खनिजांवर हक्क नाही. मायकेल अँडरसन, बिली क्रेगी, बर्टी विल्यम्स आणि टोनी कूरी हे चौघे सिडनीहून आले, छत्री उभी केली आणि तिला ‘दूतावास’ म्हणू लागले. आपल्याच देशात परके ठरवलेत, तर परक्यांसारखी आपलीही वकिलात हवी, असा त्यातला टोमणा. त्या हिरवळीवर मुक्काम करायला मनाई करणारा नियमच नव्हता, त्यामुळे सरकारची पंचाईत झाली. जुलैत घाईने तसा नियम काढून पोलिसांनी तंबू उखडले. झटापटीची दृश्ये दूरचित्रवाणीवर देशभर दिसली.

विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम इथे येऊन आश्वासन देऊन गेले आणि डिसेंबरात पंतप्रधान झाले. जमीन हक्काचा कायदा मात्र १९७६ मध्ये, त्यांचे सरकार गेल्यावर झाला आणि तोही फक्त नॉर्दर्न टेरिटरीपुरता. ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ हा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो निकालात मोडीत काढला. दूतावास त्याच वर्षापासून तिथे कायम आहे.

मागण्या जमिनीपुरत्या उरलेल्या नाहीत. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी मिळून चार टक्केही नाहीत, पण प्रौढ कैद्यांत ते सुमारे एक-तृतीयांश आहेत. कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. मृत्यू थांबलेले नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेला सल्ला देणारे आदिवासी मंडळ राज्यघटनेत आणण्यासाठी सार्वमत झाले. सहाही राज्यांनी ते नाकारले. होकार आला तो फक्त कॅनबेराच्या राजधानी प्रदेशातून. नकार देणाऱ्यांत सिनेटर लिडिया थॉर्प यांच्यासारखे आदिवासी नेतेही होते. नुसता सल्ला नको, आधी करार करा, हे त्यांचे म्हणणे. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिशांनी माओरींशी १८४० मध्ये वैतांगी येथे करार केला होता. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश सरकारने तसा एकही केला नाही.